अस्तराचं लाकूड

डावा गाल बधिर करून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पंधरा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं होतं. आपला ओठ जागेवर आहे की गळून पडला, हे तो बोटाने चाचपत होता. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतले आजोबा उठले, समोरच्या बंद दारापाशी गेले, त्यावर हात फिरवला आणि आजींना म्हणाले, "अस्सल लाकूड आहे बघ. असं आता शोधून मिळत नाही." आजी चष्मा वर करून म्हणाल्या, "आपल्याकडे होतं की तसलं कपाट. तुमच्या भावाने नेलं." आजोबा परत जागेवर येऊन बसले. त्यानेही दाराकडे पाहिलं. ते दार त्याचं होतं. सुतारकाम त्याचं नव्हतं, बिजागऱ्या त्याच्या नव्हत्या, पण दाराचा चेहरा त्याचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी, लॅमिनेटच्या कारखान्यात, डिझाइन खात्यात तो नवीन असताना त्याने अक्रोडाच्या एका फळीचा फोटो काढला होता. संगणकावर आठ दिवस बसून तिचे डाग पुसले होते, भेगा बुजवल्या होत्या आणि एक गाठ तेवढी राहू दिली होती. खात्याचे साहेब म्हणाले होते, एखादी गाठ ठेव रे, लोकांना खरं वाटतं. नमुना क्रमांक तीनशे अठरा. कागदावर छापायचा, कागद दाबून पत्रा करायचा, पत्रा भुशाच्या फळीवर चिकटवायचा, की झालं अक्रोडाचं दार. छपाईच्या रुळाचा घेर सव्वाचार फूट, म्हणून दर सव्वाचार फुटांनी तीच गाठ पुन्हा. एक दारावर होती, दुसरी शेजारच्या कपाटावर, आणि काउंटरवर जी मुलगी कोपर टेकून पेशंटची नावं लिहून घेत होती, तिच्या कोपराखालून तिसरी डोकावत होती.

सांगावं का आजोबांना? आजोबा, हा कागद आहे आणि तो मी छापलाय. पण जीभ जड झाली होती, तोंड उघडलं असतं तर शब्दाआधी लाळ आली असती. आणि सांगायचं तरी कुठल्या तोंडाने, अभिमानाने की शरमेने, हे ठरेना. फसवणूक म्हणावी तर हेच त्याचं काम होतं, आणि ते इतकं चोख झालं होतं की जुन्या माणसाचा हातसुद्धा चकला. बँकेत, सासऱ्यांच्या पलंगाला, मेहुणीच्या स्वयंपाकघरात, जिथे जाईल तिथे ही गाठ त्याच्या आधी जाऊन बसलेली असे आणि त्याला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र एक भलताच प्रश्न डोक्यात शिरला. ती फळी कुठे गेली? दोन हमालांनी ती आणून दिव्यांखाली ठेवली होती, फोटो झाल्यावर दोन हमालांनी ती उचलून नेली. त्याने तिला हातसुद्धा लावला नव्हता. ती जड होती का हलकी, तिला वास कसला होता, वाजवली असती तर वाजली कशी असती, काही म्हणजे काही त्याला ठाऊक नव्हतं. आठ दिवस तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बसला होता, आणि ओळख म्हणाल तर शून्य. त्याला हसू फुटलं, तेही अर्ध्याच तोंडाने, आणि काउंटरवरच्या मुलीने घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला.

पाणी हनुवटीवरून शर्टात गेलं आणि त्याला ठोक्याचा फोन आठवला. ठोक्या म्हणजे त्यांच्या कॉलेजातल्या बँडचा ड्रमर. आता तो लोकांना मोटार चालवायला शिकवतो, आणि शिकाऊ मंडळींच्या ब्रेकांमुळे त्याची मान कायमची आखडलेली असते. चार दिवसांपूर्वी त्याने सांगितलं होतं, "अकरा आठवड्यांनी आपण चौघं पुन्हा वाजवतोय. कॉलेजच्या त्याच हॉलमध्ये. येतोयस ना, खर्ज्या?" बास गिटार वाजवणारा, खालच्या सुरात रमणारा, म्हणून खर्ज्या. सव्वीस वर्षांत त्याला या नावाने कोणी हाक मारली नव्हती. तो म्हणाला, "माझ्याकडे बास कुठाय?" ठोक्या म्हणाला, "तेव्हा तरी कुठे होता? नसेल तर राहू दे. कीबोर्डवाला तुझे सूर डाव्या हाताने भागवेल. तू समोर बसून टाळ्या वाजव." ठोक्याने हे गमतीत म्हटलं होतं, त्याच्या मनात पाप नव्हतं. पण घाव जिथे बसायचा तिथे बसला. कॉलेजच्या शेवटच्या कार्यक्रमाला हेच तर झालं होतं. दोन वर्षं तो वसतिगृहातल्या एका सीनियरचा बास मागून आणून वाजवत होता. बोटांना घट्टे पडले होते, झोपेत अंगठा पांघरुणावर ताल धरायचा. आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तो सीनियर गाव सोडून निघाला आणि आपली वस्तू घेऊन गेला. त्याचंही काय चुकलं, वस्तू त्याची. संध्याकाळी कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने भागवलं, गाणं कुठे अडलं नाही, आणि हा भिंतीला टेकून उभा राहिला, अंगात त्या तिघांसारखाच नवा कोरा शर्ट घालून. ते चार शर्ट ज्या मुलीने शिवले होते ती जवळ येऊन म्हणाली, "काखेत घट्ट होतोय का? चेहरा असा का केलाय?" तिच्याशी पुढे त्याने लग्न केलं, त्या अर्थी संध्याकाळ अगदीच वाया गेली असं नव्हे. पण बास घ्यायचा तो राहूनच गेला. आधी खोली शोधायची होती, मग नोकरी, मग संसार, आणि मग राहून गेलेल्या गोष्टी जशा राहून जातात तसा तो राहिला.

घरी आला तेव्हा बायको खालच्या दुकानात मोठ्या मेजावर पडद्याचं कापड पसरून उभी होती, ओठांत टाचण्या धरून. तो म्हणाला, "मी बास बनवणार आहे." ती टाचण्यांमधून म्हणाली, "काय बनवणार आहेस? भूल उतरू दे, मग बोल." त्याने पुन्हा सांगितलं. तिने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "विकत मिळतात की." मिळतात, तो म्हणाला. "मग?" आपल्याला एक फळी उचलायची आहे, हे काय उत्तर झालं? या शहरात आपला एकच चेहरा आठ-दहा हजार दारांवर लावून झाल्यावर आपल्याला एक वस्तू अशी हवी आहे की जिची दुसरी नाही, आणि ती गळ्यात अडकवून आपल्याला त्या हॉलमध्ये उभं राहायचं आहे, आणि नाही जमलं तर ठोक्या म्हणतो तसं समोर बसून टाळ्या वाजवायच्या आहेत, आणि या वेळी त्या टाळ्या आपल्याच्याने वाजणार नाहीत, हे सगळं बधिर गालाने कसं सांगणार? तिने मेजावरच्या कापडाची सुरकुती हाताने सारखी केली. शेवटी म्हणाली, "बनव. पण भुसा माझ्या कापडावर पडला तर तुला त्याच कापडात शिवीन."

वखार मालगाड्यांच्या रुळांपलीकडे होती. ती चालवणारी बाई साठीची, एप्रनच्या खिशात खडू आणि टेप, आवाज लाकूड चिरून चिरून खरखरीत झालेला. तो तिला लगेच मावशी म्हणू लागला आणि ती त्याला दादा. "काय करायचंय? दार, पलंग, जिना?" वाद्य, तो म्हणाला, बास, विजेवर वाजणारा. "विजेवर वाजणार तर लाकूड कशाला नाचवायचं?" ठोक्याही हेच म्हणाला होता, की आवाज सगळा तारेतून आणि चुंबकातून येतो, लाकूड कसलंही चालतं. असेल, तो म्हणाला, पण अंगाला तर लाकूडच लागणार ना. मावशीने खांदे उडवले आणि त्याला फळ्यांच्या रांगांमध्ये सोडून दिलं. तो एका आठ फुटी फळीच्या बाजूने खाली वाकून चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. मावशी लांबून बघत होती. "हरवलंय का काही?" तो ओशाळला. "नाही, ही गाठ पुन्हा कुठे येते ते बघत होतो." मावशी त्याच्याकडे असं पाहू लागली की त्याला वाटलं, आता ही बाई आपल्याला हाताला धरून रस्त्यापर्यंत सोडून येणार. "पुन्हा कशाला येईल? तिथे फांदी फुटली होती. एक फांदी एकदाच फुटते." त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही, कुठल्यातरी माहितीपत्रकात त्याने स्वतःच ते लिहिलं होतं. पण सवयीने डोळा सव्वाचार फुटांवर जाऊन थांबत होता आणि तिथे दर वेळी काहीतरी वेगळंच भेटत होतं. तो तिसऱ्या फळीला गेला, चौथीला गेला. कुठेच रिपीट नाही. छातीत एक हलकी घबराट आणि तिच्या पाठोपाठ आनंद, जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली आणखी जिना निघावा तसा. त्याने एक फळी उलटी केली. वरच्या रेषा कडेवरून वळून खाली गेल्या होत्या आणि तिकडे त्यांचं वेगळंच काही चाललं होतं. "मागेही लाकूडच आहे," तो मोठ्याने म्हणाला. "मग काय खोबरं असणार?" मावशी म्हणाली, आणि चहा सांगायला गेली.

मावशीची लाकूड निवडायची एक रीत होती. ज्याला जे काम करायचं त्याला ते लाकूड घेऊन तसंच राहायला लावायचं. खुर्चीचं लाकूड घेणाऱ्याला ती फळीवर बसवून ठेवायची. याला तिने उभं केलं, फळीच्या तुकड्याला सुतळी बांधली, ती त्याच्या खांद्यावरून अडकवली आणि हातात चहाचा पेला दिला. "चहा संपेपर्यंत उभं राहायचं. सावकाश प्यायचा." सागाचा तुकडा अर्ध्या पेल्यातच खांद्यात उतरला. अक्रोड बरा होता, पण तो म्हणाला, अक्रोड नको मावशी, त्याचं नि माझं फार झालंय. महोगनी अडकवली तेव्हा चहा संपला, मावशीची दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, तिने धाकट्या बहिणीच्या घटस्फोटाची हकिगत सुरुवातीपासून सांगितली, तरी तो आपला उभाच. त्या लाकडाला एक कोरडा, गोडसर वास होता, आणि बोटाच्या पेराने टकटक केलं की आवाज आत जाऊन मग बाहेर येत होता. सव्वा फूट रुंद अशी एकच फळी उरली होती. ती बाहेर काढली, मावशीने ओल्या फडक्याने पुसली, आणि तो वेडा झाला. तांबूस, आणि मधोमध एक भोवरा, त्याच्याभोवती रेषा इतक्या डौलात वळलेल्या की कारखान्यात असती तर साहेबांनी खुर्चीवरून उठून पाहिली असती. हीच, तो म्हणाला. मावशी म्हणाली, "घ्या. पण तोंड बघून घेऊ नका दादा. तोंड रंध्याखाली जातं." त्याने ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं.

बासच्या मानेचं, म्हणजे तारा धरणाऱ्या लांब दांड्याचं, लाकूड बघायला बायकोही आली, कारण शनिवार होता आणि तिला वखार बघायची होती. मॅपलच्या पट्ट्यांमधून त्याने लाटा उमटलेली एक उचलली, उन्हात धरली, तिरकी केली, लाटा हलल्या. बायकोने ती त्याच्या हातातून घेतली, कडेने पाहिली आणि परत ठेवली. "ही नको. हिचा धागा तिरका आहे. मानेला ताण कुठून येणार?" तारांचा, तो म्हणाला, लांबीत, सतत. "मग उभा धागा हवा. उरेबात, तिरकं कापलेलं कापड ताणलं की झोल येतो. वर्षभरात तुझी मान वाकेल." तिने एकेक पट्टी डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून तपासली, सुईत दोरा ओवताना करते तसं तोंड करून. शेवटी अगदी साधी, फिक्कट, टोकापासून टोकापर्यंत सरळ रेषांची एक पट्टी तिने त्याच्या हातात दिली. मावशीने तिला विचारलं, "सुतारकाम करता का हो?" "नाही, शिवते." मावशी म्हणाली, "एकच ते," आणि बोटं दाबायच्या पट्टीसाठी शिसवीचा एक काळाभोर तुकडा वरून तसाच दिला. परत येताना गाडीत बायको मानेची पट्टी मांडीवर आडवी घेऊन बसली होती. त्याला तिच्या पाठीवरचे तीळ आठवले. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि आपण ते कधी मोजले नाहीत, पण ते कुठे रिपीट होत नाहीत हे नक्की. त्याने हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, गाडी चालव, पुढे बघ.

मिस्त्रींच्या कारखान्यात दारांच्या चौकटी व्हायच्या. मिस्त्री ठोक्याच्या ओळखीचे, ठोक्याकडे मोटार शिकले होते आणि दोनदा नापास झाले होते, त्यामुळे ते त्याच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांनी आठवड्यातून दोन दुपारी त्याला एक कोपरा दिला. त्याने घरी जय्यत तयारी केली होती. फळीच्या तोंडाचा फोटो काढून, बासच्या अंगाचा आकार पारदर्शक कागदावर उतरवून, तो कागद सरकवत सरकवत भोवरा नेमका तारांच्या टोकाखाली येईल अशी जागा पक्की केली होती, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नको म्हणून तीन रात्री खर्ची घातल्या होत्या. मिस्त्रींनी कागद पाहिला, फळी पाहिली, ती रंध्याच्या यंत्रावर ठेवली आणि एक हात मारला. फळी बाहेर आली. भोवरा सरकला होता. मिस्त्रींनी फळी सपाट नाही म्हणून आणखी एक हात मारला, मग तिसरा. भोवरा गेला होता. जिथे त्याने पेन्सिलीने फुली केली होती तिथे आता दोन लांब रेषा शेजारून निघून जात होत्या. तो म्हणाला, "मिस्त्री, गेलं की हो." "काय गेलं?" "ते. तोंड." मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. ते वाईट हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "साहेब, वरच्या कातडीवर जीव लावलात होय? सुताराच्या घरचं मांजरसुद्धा ही चूक करायचं नाही." मग त्यांना कुठल्यातरी चौकटी बसवायला जायचं होतं. पट्टी कशी लावायची, हात कुठे ठेवायचा, चव्वेचाळीसवर थांबायचं, हे त्याच्याकडून पाठ म्हणवून घेऊन ते गेले.

फळी तेव्हा एकोणपन्नास मिलिमीटर जाड होती. एका हाताला एक मिलिमीटर, म्हणजे पाच हात बाकी. पहिल्या हाताला त्या दोन रेषांच्या मधून एक तिसरी वर आली, काळपट, कापऱ्या हाताने ओढल्यासारखी. दुसऱ्याला ती रुंद झाली. तिसऱ्याला फळीच्या खालच्या कोपऱ्यात एक बेट उगवलं. चौथ्या हाताला त्याला कळलं की आपण श्वास धरून उभे आहोत. एकोणीस वर्षं त्याने एक चेहरा म्हणजे एक लाकूड असं धरलं होतं, आणि इथे दर मिलिमीटरला नवा चेहरा, कोणी न पाहिलेला, पाहिला न पाहिला तोच गेलेला. कॅमेरा नव्हता, फोन मुद्दाम कोटात ठेवला होता. लहानपणी आजारी असताना खिडकीच्या काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांकडे तो असाच बघायचा, आता हा कुठे वळेल, आता त्याला कोण मिळेल. पुढे त्या मुलाचं काय झालं? तो नोकरीला लागला. फक्त एक हात अजून, तो स्वतःशी म्हणाला, आणि मग, हा शेवटचा, आणि मग काही म्हणेनासा झाला. बेट वाढलं, फुटलं, त्याच्या दोन वाटा झाल्या. केसांत भुसा गेला, पापण्यांवर बसला, तोंडात तो कोरडा गोडसर वास चवीला उतरला. तो गात होता, खाली, छातीच्याही खाली, जुन्या गाण्याचा बासचा भाग, धुम् धुम्, आणि यंत्राच्या आवाजात तो कोणालाच, त्यालाही, ऐकू येत नव्हता. मग वाटांच्या मधोमध रेषा अशा पसरल्या की त्याला पुढे काही हवंसं वाटेना. सुंदर म्हणावं असं तिथे काहीच नव्हतं. साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण तो पोटभर जेवल्यासारखा थांबला, यंत्र बंद केलं आणि टेप लावला. तेहतीस.

तेहतीसने काय भागणार? मान बसवायची खाच कमकुवत होते, चुंबक बसवायची भोकं पार मागच्या बाजूला निघायची, आणि तारांचा ताण म्हणजे काही थट्टा नव्हे. वखारीत दुसरी तेवढी रुंद फळी नव्हती, मावशीने तिथल्या तिथे सांगून ठेवलं होतं. आठवडे सहा उरले होते. तो भुशात खाली बसला, आणि त्याच्या मनात अगदी स्पष्ट आलं की आपण टाळ्या वाजवणार. गंमत म्हणजे तरीही त्याला हसू येत होतं. इतका आनंद आपल्याला कधी झाला होता, हे तो आठवून बघत होता आणि दर वेळी अंगठ्याने पांघरुणावर ताल धरण्यापाशीच येऊन पोहोचत होता. मिस्त्री परत आले तेव्हा त्यांचे हे साहेब भुशात मांडी घालून बसलेले. त्यांनी फळी पाहिली, टेप न लावताच म्हणाले, "खाल्लीत." मग म्हणाले, "होतं असं. पहिल्यांदा रंधा हातात आला की माणूस दारूड्याच्या वर." आणि शेवटी डोकं खाजवून त्यांनी तोड काढली. "वरून दहा मिलिमीटरची दुसरी फळी चिकटवू, छानशी, भोवरेवाली. तुमचाच धंदा की, साहेब. चेहरा चिकटवायचा." त्यांनी ते भल्यासाठीच सांगितलं होतं. पण त्याला ते दातांच्या दवाखान्यातलं दार दिसलं, आणि तो नको नको म्हणत उठला. "चेहरा नको. हाच राहू दे." "मग जाडी कुठून आणणार?"

रात्री जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिला रंध्याचं काही कळलं नाही, पण तो एवढा बोलतोय म्हणून तिने मध्येच थांबवलं नाही. मग म्हणाली, "कापड पातळ निघालं, एवढंच ना?" एवढंच. "मग वरून कशाला लावतोयस? अस्तर लाव. अस्तर कोणी बाहेरून लावतं का?" तो घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. मागून. जी बाजू कोणाला दिसणार नाही, जी नुसती पोटाला लागणार, तिथून. ती म्हणाली, "आणि अस्तर अंगाला लागतं, वरच्या कापडापेक्षा ते जास्त निवडून घ्यायचं असतं. लोक नेमकं उलटं करतात." मग तिने त्याला भाजी वाढली, कारण त्याचं लक्ष नव्हतं आणि ताट रिकामं होतं.

वखारीच्या मागच्या अंगाला खोक्यांसाठी जाणाऱ्या पातळ फळ्यांचा ढीग होता. फिक्कट, निनावी. "ह्यातलं वाद्याला?" मावशी म्हणाली, "ह्याला तर मी झाडूनसुद्धा घेत नाही." तो म्हणाला, मावशी, मला बघायचंच नाहीये. आणि त्याने डोळे मिटले. एकेक फळी उचलून तो पोटाशी धरत गेला, दोन्ही हातांनी, आणि खालच्या सुरात हुंकार देत गेला. पहिली निर्जीव होती, त्याचा आवाज तिने गिळून टाकला. दुसरीही तशीच. तिसरी कडेने थोडी थरथरली आणि लाजून गप्प बसली. सहावी, सातवी. आपण इथे साठीच्या बाईसमोर डोळे मिटून, फळीला मिठी मारून घुमतोय, कारखान्यातलं कोणी आलं तर नोकरी जाईल, हे त्याला कळत होतं आणि कळूनही काही बिघडत नव्हतं. अकरावीने उत्तर दिलं. हुंकार बेंबीपाशी परत आला, उबदार, आणि बरगड्यांतून वर चढला. त्याने सूर खाली नेला, तीही खाली आली. त्याने डोळे उघडले नाहीत. ही, तो म्हणाला. मावशी जवळ आली. मग तिने स्वतः हात पुढे केला, फळीच्या पाठीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "पुन्हा करा बघू." त्याने केलं. "अगंबाई," मावशी म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.

पुढचे आठवडे डिंकाचे, पकडींचे आणि पॉलिश कागदाचे होते. अस्तर बसलं, त्रेचाळीस भरलं. मान सरळ राहिली. चुंबकांच्या वायरी मिस्त्रींच्या पुतणीने जोडून दिल्या. बायकोने जाड कापडाचा पट्टा शिवला, दुहेरी टिपेचा, आणि ठोक्याच्या गॅरेजमध्ये पहिल्या तालमीला तीही आली, कोपऱ्यातल्या टायरांवर बसली. गायक टक्कल पडलेला, कीबोर्डवाला जाड भिंगांचा. बासचं कौतुक कोणी फारसं केलं नाही. गिटारही वाजवणारा गायक एवढंच म्हणाला, "साधाच दिसतो की." तो म्हणाला, "हो, साधाच आहे." मग ठोक्याने काठ्या आपटून चार मोजले आणि ते सुरू झाले. बोटं अवघडली होती, दोन ठिकाणी चुकली, पण सूर निघाला की पोटात भरत होता, मागच्या फळीतून थेट, आणि चूक असो बरोबर असो, त्याची होती. दुसऱ्या कडव्यात एक नवीनच भानगड झाली. अंग हलकं आणि मान जड, त्यामुळे बासचं डोकं हळूहळू जमिनीकडे झुकायला लागलं. त्याने डाव्या हाताने ते वर ढकललं, पुन्हा झुकलं. शेवटी पट्टा नीट करायला त्याने दोन मात्रांपुरते हात थांबवले.

गाणं थांबलं. ठोक्याच्या काठ्या हवेत राहिल्या होत्या, कीबोर्डवाल्याची बोटं पट्ट्यांवर होती पण वाजत नव्हती, गायक तोंड उघडं ठेवून मागे वळला होता. तिघंही त्याच्याकडे बघत होते.

"काय रे?" ठोक्या म्हणाला. "काय झालं?"

"कुठे काय?"

"एकदम खालची जमीनच गेली. थांबलास का?"

टायरांवर बायको पुढे सरकून बसली होती, तीही बघत होती. त्याने बासचं झुकलेलं डोकं हाताने वर धरलं. डोळे पुसावेत तर बास पडेल, म्हणून त्याने ते तसेच ठेवले.

"काही नाही," तो म्हणाला, "डोकं सांभाळत होतो. घे, पहिल्यापासून घे."